नुसते हात बनवणारी पोरगी

तात्या, बेल्ह्याच्या बैलबाजारात तुम्ही माझ्याबद्दल जे सांगत फिरलात त्यातलं निम्मं खोटं होतं, आणि ते खोटं तुमचं नव्हतं, माझं होतं. हे कबूल करायला मला इतकी वर्षं लागली. तुम्ही बाजारातले मुरलेले दलाल, दात बघून बैलाचं वय सांगणारे. आपल्यापुढे कुणाची थाप टिकत नाही अशी तुमची पक्की समजूत होती. माझी टिकली.

सुरुवात दिवाळीत, चुलीपाशी झाली. पुण्याच्या प्रयोगशाळेत मी नक्की करते काय, असं तुम्ही विचारलंत. मी सांगायला लागले की रोगाला ओळखून धरणारा एक पदार्थ अंगात असतो, त्याला अँटिबॉडी म्हणतात. स्तनाच्या कॅन्सरच्या पेशीवर एक खूण असते, ती धरेल असा अँटिबॉडीचा तुकडा आम्ही बनवतोय. स्तन हा शब्द ऐकल्याबरोबर तुम्ही गोठ्याकडे बघायला लागलात आणि आईनं भाकरी उगाच दोनदा उलटली. मग मला तुमचा धंदा आठवला. म्हटलं, उपरण्याखाली हात घालून, बोटं दाबून तुम्ही बैलाचा भाव ठरवता, तेव्हा तुमचं पोट आणि मिशा समोरच्याला लागतात का? बोटं बोटांना ओळखतात, बस. आमचंही तसंच. अख्खी अँटिबॉडी मोठी, गाठीत खोलवर शिरत नाही, म्हणून बाकीचं सगळं छाटून आम्ही नुसता हात ठेवतो आणि तो जंतूंकडून तयार करून घेतो. तुम्हाला एका दमात कळलं. आमच्या विभागातल्या निम्म्या लोकांना तीन भाषणं ऐकूनही कळलं नव्हतं.

पुढच्याच बाजारात तुम्ही जाहीर केलंत, "आपली पोरगी नुसतं हात बनवती, राव. बाकीचा मानूस लागतच न्हाई." आठवड्याभरात शिनोलीचे एक पाहुणे दारात उभे राहिले. कडबाकुट्टीच्या यंत्रात त्यांची दोन बोटं गेलेली, आणि चांगल्या हाताच्या बोटांचं माप ते दोऱ्यावर घेऊन आले होते. तुम्ही त्यांना चहा पाजलात, दोरा ठेवून घेतलात आणि एसटीडी बूथवरून मला विचारलंत की एवढा साइज जमेल का. त्यांना नाही म्हणून सांगायला शेवटी मलाच यावं लागलं.

आई मात्र यातलं काही बोलली नव्हती. संक्रांतीला मी आले तेव्हा भांडी घासता घासता तिनं विचारलं, "ते तुजं हात गाठ वळखत्यात म्हनली व्हतीस. मंग डाक्टर बी कापडाखालीच बघत आसंल ना?" मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. तेव्हा कुठे कळलं, वर्षभर ती छातीतली गाठ लपवत होती, कुणापुढे उघडं व्हावं लागेल या एका लाजेपायी. माझ्या तोंडातून निघालं, "हो आई, कापडाखालीच."

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या दवाखान्यात ती तुमचं बाजाराचं उपरणं घेऊन आलीय, बैलांच्या वासासकट. ते छातीवर पसरून ती डॉक्टरीणबाईंना म्हणते, "घाला हात." बाई माझ्याकडे बघतात, उपरण्याकडे बघतात आणि खरोखरच खाली हात घालतात. आई छताकडे डोळे लावून पडलीय, सौदा अजून पटला नाही असा चेहरा करून. मला हसू येतंय आणि ती जाईल अशी भीतीही वाटतेय. त्या बाईंचे आभार मानायचे राहूनच गेले.

ऑपरेशन झालं, सलाइनमधून औषधं झाली, आईचे केस गेले आणि कुरळे होऊन परत आले. या वयात दुसरी बायको मिळाली म्हणून तुम्ही खूश. एका सकाळी तुम्ही मला बाजूला घेऊन विचारलंत, "औषद तुजंच व्हतं ना?" नव्हतं, तात्या. माझा तुकडा काचेच्या नळीत खूण झकास पकडायचा, पण उंदराच्या अंगात सोडला की गाठीवर नीट बसायच्या आधीच लघवीवाटे बाहेर. आई वाचली ती सर्जनमुळे आणि जुन्या, साध्या औषधांमुळे. मी म्हटलं, "तसलंच." तुम्हाला तेवढं पुरलं. पोरीच्या औषधानं बायको वाचली, असं एसटीत, लग्नात, दशक्रियेच्या घाटावर तुम्ही सांगत सुटलात, आणि बाया तपासणीचं विचारायला आईकडे यायला लागल्या. घाटघरची एक सासू सुनेला दाखवायला म्हणून आली आणि गाठ निघाली सासूलाच. ती आजही भात लावते.

तुम्ही गेलात तेव्हा माझा तुकडा उंदरांतून तसाच निसटत होता. त्याचं औषध कधीच झालं नाही. आई अजून बायांना तुमच्याच शब्दांत सगळं सांगते, आणि मी घरी असले तर मान डोलावते. हे पत्र तिला वाचून दाखवायचं ठरवलं होतं, पण आता घडी घालून वहीत ठेवते. तुमचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिले, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आले. तसं नव्हतं. त्या वर्षी प्रयोगशाळेत माझं काहीच जमत नव्हतं, आणि माझं औषध लागू पडतं असं म्हणणारे तुम्ही एकटेच होतात. मला ते ऐकायचं होतं, तात्या.