आतून कडी

ताई,

सुनेच्या खुनाच्या आरोपाखाली तुझा मुलगा आत गेला, तेव्हा तू माझ्याकडेच धावलीस. खून, फसवणूक असले खटले लढण्यातच माझे केस पिकले. "तू केलंस का?" हे मी अशिलाला कधीच विचारत नाही.

कोठडीत तो म्हणाला, "मामा, त्या दिवशी काय झालं ते सांगतो."

मी सवयीने हात वर केला. "नको. आधी पोलिसांकडे काय आहे ते बघू."

पुरावा तोकडा पडला. आज तो सुटला. "माझं लेकरू निर्दोषच होतं ना रे?" म्हणत तू रडलीस. मागून तो हळूच म्हणाला, "मामा, आता तरी ऐकणार?"

मी गाडीत जाऊन बसलो.

तुझ्या खोलीला आतून कडी नाही. उद्या सुतार पाठवतो. हे पत्र मी फाडून टाकीन. सुतार मात्र येईल.

तुझा,
केस जिंकलेला भाऊ