राणीच्या जागी

४ फेब्रुवारी

शेपूट डावीकडे झुकतं. याची कुठेतरी नोंद व्हायला हवी, म्हणून करतो. नाटकातल्या विदूषकाची लक्षणं शास्त्रात सविस्तर दिली आहेत – टक्कल, पुढे आलेले दात, बेढब अंग. पैकी पहिलं आणि तिसरं मी घरूनच आणतो. पण शेपटाचा उल्लेख कुठेही नाही! ते फोमचं असावं आणि चालताना गुडघ्यामागे थापट मारत राहावं, असं तर कोणत्याच आचार्याने म्हटलेलं नाही.

मासेवालीकडे तक्रार नेली. (ती मासे विकत नाही, माशांवर संशोधन करते. नाटक तिचंच.) म्हणाली, "पंडित, विदूषक मासा आहात तुम्ही. शेपूट नको असेल तर शेवाळ व्हा."

पंडित म्हणजे मी. जन्मभर संस्कृत शिकवल्याचं फळ.

७ फेब्रुवारी

आज चाली बसल्या. समुद्रफुलात, म्हणजे त्या डंख मारणाऱ्या फुलासारख्या प्राण्यात, विदूषक माशांचं कुटुंब राहतं. सर्वांत मोठी ती राणी, तिच्या खालोखाल नवरा, मग चिल्लर. राणी मेली की नवराच मादी होतो – खरोखर, अंडी घालण्यापर्यंत – आणि चिल्लरीतला थोरला होतो नवरा. हे विज्ञान, आम्ही फक्त पेटीवर बसवलं. "तुमचं हे निसर्गाच्या विरुद्ध आहे" असं आम्हाला ऐकवत आलेल्यांना पहिल्या रांगेत बसवून हे गायचं. आणि शेवटी प्रश्न – आजारपणात तुमच्या उशाशी कोण बसावं, हे ठरवायचं कुणी? तुम्ही, की दारावरच्या पहारेकऱ्याने?

मंडळीचा नियमही माशांचाच. प्रत्येकाने आपल्या वरच्याची भूमिका पाठ करायची. वरचा आला नाही की सगळे एकेक पायरी वर.

राणी म्हणजे बुवा. बाहेर वाद्यं दुरुस्त करतो, घरात मला. आमच्या संसाराला वीसेक वर्षं झाली. माझी ताई त्याला अजून "तुझा भाडेकरू" म्हणते. रंगमंचावर मी त्याचा नवरा; घरात कोण कोणाचा, हा वाद प्रलंबित.

१० फेब्रुवारी

तालमीत विचित्र झालं. राणीच्या मरणाचं गाणं –

मी गेले तर रडू नका रे, जागा माझी भरा
पंख माझे घालुन आता राणी हो तू, वरा!

"वरा"वर बुवा थांबला. मला वाटलं, चालीत नवीन जागा घेतोय. तो खुर्ची शोधत होता.

मासेवाली ओरडली, "चढा!" चिल्लरीतला थोरला – दिवसा नळजोडणी करतो – उडी मारून माझ्या जागी आला. मी जागचा हललोच नाही. रंगमंचावर दोन नवरे, राणी एकही नाही. शेपटांची टक्कर! सगळे हसले.

"पंडित, असं केलं तर जात बुडेल की माशांची!" मासेवाली म्हणाली.

"पाठ नाही झालं," म्हणालो.

"अहो, सगळं व्याकरण तोंडपाठ तुम्हाला, आणि या चार ओळी नाहीत?"

बुवा खुर्चीतून माझ्याकडे बघत होता. हसत नव्हता.

११ फेब्रुवारी

शेपूट आता उजवीकडे झुकतं. प्रगती.

१३ फेब्रुवारी

बुवाच्या हृदयाची झडप नीट मिटत नाही. ऑपरेशन. लवकर.

डॉक्टर समजावत होते, बुवा मान डोलावत होता. "कळलं. पेटीतही होतं असं. चामडं वाळतं, वारा मागे फिरतो. बदलायचं, झालं."

"पण पेटी आधी बंद करता येते," डॉक्टर म्हणाले.

मग माझ्याकडे वळून – "आपण कोण यांचे?"

तालमीत असाच प्रश्न मी रोज मोठ्याने विचारतो. इथे हळूच म्हणालो, "घरचा."

१६ फेब्रुवारी

ताईला फोन केला. बुवाच्या ऑपरेशनचं सांगितलं. मग ती, "त्याचं सख्खं कुणी नाही का रे?"

"नाही."

"जेवतो का नीट?"

"मीठ बंद केलंय. मला शिव्या घालत जेवतो."

"मग ठीक आहे," म्हणाली. ठेवून दिला.

१८ फेब्रुवारी

दाखल केलं. ऑपरेशन उद्या दुपारी. खेळही उद्याच दुपारी, बंदरावरच्या कामगारांच्या सभागृहात. मी म्हटलं, रद्द करू. बुवा भडकला. "अरे, उशाशी कोण बसावं हे विचारायला जायचंय, आणि तू माझ्या उशाशी बसणार? विचारणार कोण मग?"

परिचारिका आली. रात्री फक्त घरचं माणूस थांबेल म्हणाली. "रक्ताचं कुणी?"

बुवा म्हणाला, "रक्त लागलं तर हा देईल की."

ती हसली, पण दार काही सोडेना. तेवढ्यात मागून आवाज – "मी थांबते." ताई! हातात थर्मास, काखेत उशी.

"आपण पेशंटच्या कोण?"

"नणंद," ताई म्हणाली. "मोठी. आणि हा माझा धाकटा भाऊ. आता लावा नातं."

परिचारिकेने एकदा बुवाच्या मिशांकडे पाहिलं, एकदा ताईकडे. बाजूला झाली. बुवा इतका हसला की यंत्र वाजायला लागलं.

निघताना त्याने माझा हात धरला. "उद्या चढशील ना?"

"पाठ नाही रे."

"खोटारडा," म्हणाला.

१९ फेब्रुवारी, सकाळी

पाठ आहे. पहिल्या वाचनापासून पाठ आहे. तालमीत म्हटलं नाही, कारण त्याची जागा भरता येते असं त्याला दिसलं तर तो निर्धास्त होईल, आणि निर्धास्त झालेलं माणूस जातं, असं मला वाटत आलंय. आज चढतो. शेपूट ठीक आहे. शेपटाचं काही नव्हतंच.