खंबाटकी चढलेला रेडिएटर

सातारा, बुधवार
(दुपारची वेळ, इंजिन थंड होईपर्यंत)

ती. आण्णा यांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे अवधूतचा, वाकून नमस्कार. (खरोखरच वाकून. आठवडाभर बॉनेटखाली असल्यामुळे पाठ सरळ होत नाही.) तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? वहिनींची सकाळची फेरी चालू असेलच. इकडे चारुलता ठीक आहे. माझ्याशी बोलते, पण बाजाराची यादी वाचून दाखवावी तशी. स्वानंदीच्या लग्नाला आता अकराच दिवस राहिलेत. पत्रिका कुरिअरनं मिळाली असेल. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हा कागद. पोस्टमनला तुम्ही दारातून परत पाठवणार नाही, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

आण्णा, रेडिएटर मिळाला! हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, कारण हाताला ग्रीस होतं आणि अक्षर तुम्हाला लागलं नसतं. काल आमची गाडी खंबाटकी घाट चढली. मध्ये कुठे थांबली नाही, उकळली नाही, तापमानाचा काटा मध्यावर जाऊन बसला तो तिथेच. वर पोहोचल्यावर स्वानंदीनं गाडी बाजूला घेतली आणि आम्ही बापलेक रेडिएटरवर हात ठेवून उभे राहिलो (चटका बसल्यावर काढला). एक ट्रकवाला थांबून विचारायला लागला, काय झालं म्हणून. काहीच झालं नाही, असं मी त्याला इतक्या आनंदानं सांगितलं की तो घाईघाईनं निघून गेला.

तुम्ही ही गाडी एकदाच पाहिलीत आणि तीसुद्धा पिवळ्या पाण्यातून, म्हणून मुळापासून सांगतो. वडूजजवळ एका गोठ्यात कडब्याखाली ही सेहेचाळीस सालची मोटार सापडली तेव्हा स्वानंदी नववीत होती. त्यानंतर दहा वर्षं सुट्टी म्हणून आम्हाला माहीत नाही. छप्पर कापून खाली घेतलं, मडगार्ड उतरवले, मागे रुंद चाकं घातली आणि आत जुन्या जीपचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवलं. अशा गाडीला हॉट रॉड म्हणतात. चारुलता तिला कढई म्हणते. लग्न ठरल्यावर स्वानंदीनं दागिने मागितले नाहीत, शालू मागितला नाही (तो तिच्या आईनं मागितला). तिनं एकच मागितलं, की मांडवाच्या दारात मी या गाडीतून उतरणार.

आता साखरपुड्याचं. चूक माझी होती हे आज लेखी देतो. गाडीचा जुना पितळी रेडिएटर एका जागी ठिबकत होता. हायवेवरच्या कुठल्याही म्हाताऱ्या ड्रायव्हरला विचारा, तो सांगेल की रेडिएटर ठिबकला की पाण्यात चिमूटभर हळद टाकावी, भोक बुजतं. पण मी चिमटीवर थांबलो नाही. घरात तुम्ही दिवाळीला पाठवलेली राजापुरी हळद होती, आणि सांगलीत दुसऱ्या कुणाच्या गोदामात असला माल नाही हे तुम्हीच मला ऐकवलं होतं. म्हटलं, भाचीचा साखरपुडा, मामाची हळद, हात कशाला आखडता घ्यायचा. पाऊण किलोची पिशवी ओतली. भोक बुजलं. त्याच्याबरोबर बाकीच्या सगळ्या नळ्याही बुजल्या, आणि ते कुणालाच कळलं नाही. मग तुम्ही पांढराशुभ्र रेशमी सदरा घालून गाडीला नारळ वाढवायला पुढे आलात, मी कौतुकानं बॉनेट उघडून इंजिन चालू केलं, पाण्याला जायला वाट मिळेना, वरचा पाइप सटकला आणि पुढचं काम पंख्यानं केलं. इंजिन नुकतंच चालू झालं होतं, म्हणून पाणी कोमटच होतं ही देवाची कृपा. तशात नवऱ्या मुलाच्या आत्या, त्या अंबूबाई, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “आवं, नवरदेव ऱ्हायला बाजूला, आन हळद मामालाच लागली व्हय?” सगळा हॉल हसला. मीपण हसलो. ती माझी दुसरी चूक आणि पहिलीपेक्षा मोठी. तुम्ही न जेवता निघून गेलात, त्याला चार महिने झाले. (मालाबद्दल मात्र तुमचं म्हणणं सोळा आणे खरं. इंजिनवरचा रंग अजून गेलेला नाही.)

असो. जुना रेडिएटर घेऊन मी तुमच्याच सांगलीत कपिल मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी नळीत तार घातली, बाहेर आलेला पिवळा चिखल बोटावर घेऊन हुंगला आणि म्हणाले, “हळद लय भारी हाय. पन ती पोटाला. इंजनाला न्हाई.” आतली जाळी नवी करून द्यायला त्यांना दोन महिने हवे होते, इतकं काम पुढ्यात पडलेलं. म्हणून मग इंटरनेटवरून नवा ॲल्युमिनियमचा मागवला. काय त्याची चकाकी, काय त्याचं वजन, मी तर उघडल्याबरोबर त्याला कुंकू लावलं. आणि तो दोन इंच रुंद निघाला. मी माप घेतलं होतं चारुलताच्या शिलाईच्या टेपनं, आणि त्या टेपचे पहिले दोन इंच कधीच फाटून गेलेत हे घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं. तो बसवायचा तर पुढची जाळी कापावी लागणार, आणि ती जाळी स्वानंदीनं एक अख्खा उन्हाळा हातानं ठोकून केलेली. मी रेडिएटर मुकाट्यानं खोक्यात घातला. फलटणला ऊस वाहणाऱ्या ट्रकचा एक पाहिला, पण त्याच्यात आमची गाडीच बसली असती.

शेवटी टेपचा नाद सोडला आणि पत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा रेडिएटरच्या मापानं कापून, तो काखोटीला मारून एसटीनं पुन्हा सांगली गाठली. पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत ‘सहकुटुंब सहपरिवार’ छापलेलं. जुन्या सामानाच्या ज्या दुकानात शिरेन तिथे लोक आधी खुर्ची देत, चहा सांगत आणि मुहूर्त विचारत. रेडिएटर एकाकडेही नव्हता, पण लग्नाला चारजण येतो म्हणालेत. मग पाय तुमच्या गल्लीकडे वळले. कोपऱ्यावरून तुम्ही दिसलात, चष्मा कपाळावर ठेवून हळकुंडं निवडत होतात. दहा पावलं होती, आण्णा. माझ्यानं ती टाकवली नाहीत. परतीच्या गाडीत फार वाईट वाटलं.

घरी येऊन पुठ्ठा अंगणात भिरकावला. तो एका ठिकाणी जाऊन टेकला, आणि मी बघतच राहिलो. रुंदी तीच, उंची बोटभर कमी, पाइपांची तोंडं हवी त्याच बाजूला! तासाभरात आम्ही तो रेडिएटर काढला, संध्याकाळपर्यंत बसवला आणि काल घाट चढलो. पुठ्ठा नेमका कशाला टेकला ते लिहायचं होतं, पण कागद संपत आला.

बाकी क्षेम. वहिनींना नमस्कार.

तुमच्या रागाला पात्र,
पण तरीही तुमचाच मेहुणा,
अवधूत

ता. क. कागदाची मागची बाजू कोरी निघाली. नवरीला मामानं मांडवात आणायचं, ही रीत मी तुम्हाला काय सांगणार. काल घाटावर स्वानंदी पाइपांचे क्लॅम्प पुन्हा आवळून बघत होती, तेव्हा मी तिला म्हटलं, आण्णा नाहीच आले तर तुझ्या आईचा चुलतभाऊ राजस आहे, तो आणेल. तिनं हातातला पाना खाली ठेवला आणि म्हणाली, “बाबा, मामा शेजारी नसेल तर गाडी घरीच राहू दे. मी रिक्षानं जाते.” दहा वर्षांत तिनं काम अर्धं टाकून पाना खाली ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला.

ता. क. २. साखरपुड्याआधी तुम्ही माल ठेवायचा नवा हौदा बांधायला माझ्या अंगणात सोडलेला टेम्पो तयार आहे. हौदा मजबूत झालाय, रंग हिरवा दिलाय. फक्त तो न्यायला ड्रायव्हर पाठवू नका, आणि कुणी आलंच तर चालू करू देऊ नका. पुढे रेडिएटरच्या जागी सध्या पुठ्ठा आहे. ‘सहकुटुंब सहपरिवार’ अगदी सरळ वाचता येतं.

ता. क. ३. तेव्हा तुमचा रेडिएटर तुम्हाला स्वतः बसूनच सातारला आणावा लागणार. लग्नाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊला, स्वानंदी स्वतः गाडी चालवत तुमच्या दारात येईल. शेजारची जागा तिनं तुमच्यासाठी राखली आहे. मी मागे बसेन आणि कोणी काही म्हणालं तरी हसणार नाही. पांढराच सदरा घाला, आण्णा. या वेळी पाण्यात फक्त पाणी आहे.