गालातली हवा

४ मार्च

चि. डॉक्टरीणबाईस, अ. उ. आ.

भट्टी तापलेली, मी ठणठणीत. पण तुझ्या आईने हुकूम सोडलाय म्हणून लिहितो. डाव्या कानापुढे गाल सुजलाय. दुखत फारसा नाही. काम केलं की फुगतो, सुट्टीला उतरतो. तुझ्या आईच्या मते तू सध्या माणसांची तोंडंच शिकतेयस, तेव्हा सांग काय ते. दिव्यांचे काचेचे चाळीस मोठे गोल फुंकायचे आहेत, आजारपणाला सवड नाही.

आशीर्वाद आहेतच,
बाबा

९ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

लाळेच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात: कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. तुमची कानापुढची, सगळ्यांत मोठी. चेहरा हलवणारी नस तिच्या आतूनच जाते आणि तिथेच तिला पाच फांद्या फुटतात. गेल्याच आठवड्यात शवविच्छेदनात मी त्या स्वतःच्या हाताने सोडवल्या, सर खूश झाले! बाबा, तिथे गाठ असली तर काढावी लागते, आणि नसेला धक्का लागला तर ओठ वाकडा होतो. अंगावर काढू नका, लगेच या.

आईला नमस्कार. माया राहू द्या.
तुमची शेंडेफळ

१४ मार्च

चि. शेंडेफळास, अ. उ. आ.

पत्र पोचलं. ओठ वाकडा झाला तर फुंकणीभोवती तो मिटणार कसा? तीस वर्षं काच फुंकली, दुसरं काही येत नाही मला. गोलांचं काम शेजारच्या भट्टीला द्यावं म्हणतोय. चार दिवस फुंकणीला हात लावला नाही. सूज पार उतरलीय, पण विझताना दिवा मोठा होतो म्हणतात, तसलंच काही असेल. तुझ्या आईला सर्दी सांगितलीय. भ्यायलोय गं पोरी.

बाबा

१८ मार्च

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

काम कुणालाही देऊ नका! सरांना तुमचं पत्र दाखवलं. त्यांनी पहिलं हेच विचारलं की वडील करतात काय. मी सांगितलं, तर त्यांनी कपाळावर हात मारला. भट्टीशेजारी वाढलेल्या मुलीला नस आठवली आणि बापाचा धंदा आठवला नाही, म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

या ग्रंथीची नळी गालात आतून, वरच्या दाढेसमोर उघडते. गाल फुगवून जोरात फुंकलं तर हवा उलटी आत शिरते आणि ग्रंथी फुगते. आईला बॅटरी धरायला सांगा, पुन्हा सूज आली की कानाकडून पुढे हलकेच दाबा आणि नळीच्या तोंडातून फेस येतो का बघा; आला तर ती हवाच. आला तरी तपासायला यायचंच.

चुकले, बाबा. रागावा, पण लोभ कमी करू नका.
तुमची अर्धवट डॉक्टरीण

१२ एप्रिल

चि. अर्धवटास, अ. उ. आ.

तपासून सुखरूप घरी पोचलो, पत्राला मात्र उशीर झाला. तुझ्या सरांनी गाठ नाही म्हटलं तेव्हा तुझंच तोंड बघण्यासारखं झालं होतं. फेस निघाला तेव्हा तुझी आईही अशीच आधी हसली, मग रडली, मग सर्दीच्या थापेबद्दल तिने मला झोडपलं. पुढचा दात तुटल्यापासून ओठाच्या फटीतून हवा निसटायची, म्हणून मी गाल फुगवायला लागलो होतो. नवा दात बसला. सरांनी सांगितल्याप्रमाणे पंधरा दिवस विश्रांती घेतली, पाणी भरपूर पितो.

आज गाल ताठ ठेवून पहिला गोल फुंकला. शिकाऊ माणसासारखी तारांबळ उडाली, पण जमला. गोल चांगला मोठा होत गेला, लालबुंद. तुझी आई शेजारीच उभी होती, आणि सबंध वेळ गोलाकडे एकदाही न बघता माझ्या गालाकडे बघत होती.

जीव आहे तसाच लावत जा,
तुझा बाबा