मला दर्शनी पुतळ्याचा दर्जा मिळणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख, दृश्य मांडणी विभाग,
मुख्य कार्यालय (वरचा, वातानुकूलित मजला).

अर्जदार: दर्शनी खिडकीची मांडणीकार, तयार कपड्यांचे दालन, हमरस्त्यावरील शाखा.

विषय: बाळाला दूध पाजण्यापुरते मला कंपनीचा पुतळा समजण्यात यावे, याबाबत.

संदर्भ: (१) 'सदर पुतळा उत्कृष्ट आहे' असे कळवणारे आपले पत्र.
(२) 'सदर कर्मचारी बेशिस्त आहे' असे कळवणारे आपलेच पत्र. दोन्ही एकाच दिवसाची, एकाच सहीची.

महोदय,

वरील दोन्ही पत्रे पोचली. ज्या पुतळ्याचे आपण तोंड भरून कौतुक केले आणि ज्या बाईला कामावरून कमी का करू नये असे विचारले, ती दोन्ही मीच आहे. त्यामुळे आभार मानावेत की खुलासा करावा, हे नीटसे न कळल्याने दोन्ही एकाच अर्जात उरकते. हा अर्ज बाळ झोपले की लिहिते आणि उठले की ठेवते. एखादे वाक्य मध्येच तुटल्यासारखे वाटल्यास ती बाळाची हरकत समजावी.

१. मी नुकतीच बाळंतपणाची रजा संपवून कामावर रुजू झाले. मुलीला घरात आम्ही चिमणी म्हणतो. चिमणी बाटलीला तोंड लावत नाही. बाटली पुढे केली की ती ओठ असे घट्ट मिटते, जणू कोणी तिच्यासमोर रजेचा अर्ज मंजुरीला ठेवला आहे. म्हणून दुपारी सासूबाई तिला घेऊन दुकानाच्या मागच्या दाराशी येतात. पाजण्यासाठी मॅनेजरसाहेबांनी उदार होऊन जिन्याखालची खोली दिली आहे. तिथे फिनेल, बादल्या, मॉप आणि हात तुटलेले पुतळे राहतात. दाराला कडी नाही. मी उलट्या बादलीवर बसते आणि दार पायाने दाबून धरते. मॉप हवा असलेला माणूस बाहेरून ढकलतो. माणूस अत्यंत सभ्य आहे. दर वेळी "सॉरी ताई" म्हणतो आणि दर वेळी ढकलतो.

सासूबाईंनी ही व्यवस्था पाहिली आणि जाता जाता पुढच्या खिडकीशीही थांबल्या. म्हणाल्या, "अगं, त्या बाहुलीला झुलती खुर्ची आणि तुला बादली? तिला काय जुळी झालीत?"

२. उत्तर शोधायला म्हणून मी कंपनीची पुतळे हाताळण्याची नियमावली पुन्हा वाचली. पुतळ्याचे कपडे बदलताना काच कागदाने पूर्ण झाकावी. उघडा पुतळा रस्त्यावरून दिसता कामा नये. कागद लावलेला असताना खिडकीत मांडणीकाराखेरीज कोणी शिरू नये. पुतळा ओलसर जागी किंवा फिनेलजवळ ठेवू नये. त्याला ढकलू नये. वाचताना अक्षरशः डोळे भरून आले. एवढी काळजी बाळंतपणात माहेरीसुद्धा कोणी घेतली नव्हती.

३. आता मूळ प्रकाराबद्दल. या हंगामातल्या खिडकीला आपण 'माया' हा विषय दिलात. झुलती खुर्ची, मऊ पिवळसर उजेड, पुढे बटणे असलेला सैल शर्ट आणि शाल घेतलेली आई, कुशीत बाळ. कल्पना सुरेखच. अडचण इतकीच, की आपल्या गोदामातल्या एकाही पुतळ्याला मूल धरता येत नाही. त्यांचे हात पर्स अडकवायला नाहीतर कमरेवर ठेवायला घडवलेले आहेत. बाळ मनगटाला लटकवले की ते बाळ राहत नाही, खरेदी होते. तरी मी जमेल तसे बसवून फोटो पाठवला. आपला शेरा आला: 'माया कमी पडते. वाढवावी.' माया वाढवण्यासाठी लागणारे साहित्य मी स्टोअरकडे मागितले. त्यांनी चिमटे पाठवले. (कपडा समोरून अंगावर चोख बसलेला दिसावा म्हणून पुतळ्याच्या पाठीला आपण लावतो, ते.)

तेव्हा मी ठरवले, की मूल धरलेला हात कोपरात नेमका कसा वळतो आणि त्यावर बाही कशी पडते, हे स्वतःच बसून पाहावे आणि त्या मापाने तार वाकवून पुतळ्याला नवा हात करावा. मापासाठी खरे बाळ हवे, म्हणून सासूबाईंना सकाळीच बोलावले. दुकान उघडायला अवकाश होता, काचेला कागद होता. खिडकीतला शर्ट चढवला, शाल घेतली, खुर्चीत बसले, चिमणीला घेतले. तिला मापाशी काही देणेघेणे नव्हते. तिला भूक लागली होती.

४. आपल्या शाखेची पद्धत अशी, की नवी खिडकी तयार झाली की दुकान उघडताना वॉचमनकाका बाहेरून कागद ओढतात. 'आज कागद काढू नका' असा निरोप मी मॅनेजरसाहेबांपाशी ठेवला होता. त्यांनी तो जपून स्वतःपाशीच ठेवला. काकांनी नेहमीप्रमाणे टर्रकन कागद ओढला आणि समोर अख्खा रस्ता.

मी उठून पळायला हवे होते, हे मान्य. पण खिडकीत काम करणाऱ्याला आपणच पहिला धडा देता, की काचेपुढे ग्राहक असताना हलू नये, नजर वळवू नये. इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडले आहे. शाल नीट होती, चिमणी पीत होती, मी जागच्या जागी गोठले. माणसे थांबू लागली. एक बाई नवऱ्याला म्हणाली, "बघा तरी, हल्ली किती खरं बनवतात!" नवरा म्हणाला, "कसलं खरं? एवढं शांत पोर असतं का कुठे?" चिमणीने तेवढ्यात पाय झाडला, आणि मग मात्र काकांच्या लक्षात आले. बिचारे काचेला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे राहिले. स्वतःच कागद झाले म्हणा ना! पण मॅनेजरसाहेबांनी तोवर रोजचा फोटो काढून आपल्याकडे धाडला होता.

दुपारच्या आत आपले पहिले पत्र आले: 'माया आता पुरेशी आहे. हा पुतळा कोणत्या कारखान्याचा? सर्व शाखांसाठी मागवावा.' दुपारनंतर, बहुधा मॅनेजरसाहेबांनी खरा प्रकार कळवल्यावर, दुसरे आले: 'प्रदर्शनातील खुर्चीत कर्मचारी बसल्याचे समजते. सेवा समाप्त का करू नये?' मधल्या वेळात तो शर्ट दुकानातून संपला. एका ग्राहकाला माझ्या अंगावरचाच हवा होता.

५. कारखान्याविषयी खुलासा: सदर नमुना माझ्या आईने घरी तयार केला असून नवी मागणी घेणार नसल्याचे तिने फोनवर, जरा मोठ्या आवाजातच, कळवले आहे.

बेशिस्तीविषयी: मॅनेजरसाहेब म्हणतात, "एक काहीतरी धरा. खिडकी नाहीतर मूल." थट्टा घटकाभर बाजूला ठेवून लिहिते, की नोकरी मला हवी आहे. रिकाम्या काचेमागे असे काही उभे करावे, की घाईत निघालेल्या माणसाचा पाय थबकावा, एवढी एकच विद्या मला येते आणि ती मला आवडते. आणि चिमणी दूध पिताना माझे एक बोट मुठीत घट्ट धरून ठेवते, तेही मला सोडवत नाही. या दोन गोष्टी एका खोलीत आरामात मावतात. मी मोजून पाहिले आहे, मोजमाप माझे कामच आहे.

तरी विनंती, की चिमणी घास खायला लागेपर्यंत, दुपारी तिला पाजण्यापुरता, मला पुतळ्याचा दर्जा द्यावा. म्हणजे नियमावली आपोआप लागू होईल. कागद मिळेल, बसायला खुर्ची मिळेल, फिनेल लांब जाईल आणि कोणी ढकलणार नाही. कर्मचारी म्हणून यातले काहीही मागण्याचा माझा आगाऊपणा नाही.

सध्या खिडकीत जुनाच पुतळा परत बसवला आहे. त्याने बाळ पर्ससारखे धरले आहे. काल आपला शेरा पुन्हा आला, की माया कमी पडते. साहेब, माया कमी पडलेली नाही. ती जिन्याखाली बादलीवर बसली आहे, दाराला पाय लावून.

आपली नम्र (आणि आदेश मिळाल्यास निश्चल),
मांडणीकार, दर्शनी खिडकी
दिनांक: खिडकी बदलायच्या आदल्या दिवशी

सोबत:
१. आपली दोन्ही पत्रे, एकमेकांना भेटवण्यासाठी.
२. तो फोटो. चिमणीचा पाय जरा हलला आहे, क्षमस्व.
३. दाराची कडी, स्क्रूसह. मी आणली आहे. बसवण्याचा अधिकार आपला.