पश्चात

अमरावती,
४ नोव्हेंबर २०२५

ती. शकुनआत्यास,
श्यामचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू ‘हो’ आणि ‘बरं’ याच्यापुढे जात नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. बाबांच्या तेरवीनंतर तू अमरावतीला आलीच नाहीस. आईने दोनदा निरोप पाठवला, दोन्ही वेळा तुझे गुडघे आडवे आले. आई म्हणते, शकुनचे गुडघे अकोल्याच्या बाजारात बरे चालतात, अमरावतीच्या बसमंदीच कावून दुखतात ते विचार तिले. म्हणून विचारतो.

३ जानेवारीला, पौष पौर्णिमेला, बाबांचे वर्षश्राद्ध आहे. तू आल्याशिवाय पान वाढायचे नाही असे आईने ठरवले आहे. आमच्याकडून काही चुकले असेल तर सांग. मला खरोखर माहीत नाही.

एक नवी गोष्ट. मी शिकवू लागलो आहे. सकाळी सहा ते बारा पोर्टलचे काम पूर्वीसारखेच : कापसाचे भाव, अपघात, मोर्चे, निधनवार्ता. दुपारी आठवड्यातून तीन दिवस एका कॉलेजात बातमीलेखन शिकवतो, तासिका तत्त्वावर. सव्वीस मुले आहेत. पहिल्या दिवशी पन्नास मिनिटांचे माझे व्याख्यान अठराव्या मिनिटाला संपले. मग मी हजेरी दुसऱ्यांदा घेतली. मोईज नावाच्या मुलाने विचारले, सर, बातमी संपली, आता जाहिराती आहेत का.

तू अडतीस वर्षे वर्ग सांभाळलास. कसा, ते लिही.

माझ्यावरची तुझी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
श्याम


अकोला,
१० नोव्हेंबर २०२५

चि. श्यामला,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळाले. पोस्टमन म्हणाला, बाई, तुमाले बँकेशिवाय कोणी लिहिते हे आजच समजले.

वर्गाचे विचारलेस. पहिल्या आठवड्यात सगळ्यांची नावे पाठ कर. बसून शिकवू नकोस. येत नसेल ते येत नाही म्हणून सांग आणि दुसऱ्या दिवशी वाचून ये. फळ्यावर चूक झाली तर ती फळ्यावरच, मुलांसमोर दुरुस्त कर. हळूच पुसलेस तर चुकीचे लिहून घेतलेल्या मुलांच्या वहीत ती तशीच राहते. मोईजला पुढच्या बाकावर बसव. असली मुले हुशार असतात, त्यांना काम लागते.

माझे ठीक आहे. दादा दर रविवारी सकाळी नऊला फोन करायचा. आता त्या वेळेला मी पेपर वाचते. निविदा सूचनासुद्धा वाचून होतात.

३ तारखेचे पाहू. तुझ्या आईला सांग, बाजारात मी आटोने जाते.

तुमच्या सर्वांच्या खुशालीत माझी खुशाली.
आत्या


अमरावती,
२४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू का येत नाहीस ते मला कळले. तू सांगितले नाहीस, माझ्या वर्गातल्या अलीझाने सांगितले.

मुलांना एक काम दिले होते. आमच्या पोर्टलवरची कोणतीही जुनी बातमी घ्यायची, त्यातल्या माणसांना फोन करायचा आणि एकेक तपशील पडताळायचा. अलीझाने विचारले, सर, तुमच्या वडिलांची निधनवार्ता घेतली तर राग येईल का. तिची आई गुलनार अकोल्याची, तुझी विद्यार्थिनी, म्हणून ती बातमी त्यांच्या घरी सगळ्यांनी वाचलेली होती. मी म्हणालो, घे, पण त्यात काही सापडणार नाही.

तिने तुला फोन केला हे तुला माहीत आहेच. तिच्या वहीत असे आहे : ‘मयताच्या बहिणीशी बोलले. त्या म्हणाल्या, सगळे बरोबर आहे.’ त्याखाली एक ओळ : ‘पण बातमीत बहीण नाही.’

मी तिच्यासमोरच बातमी उघडली. ‘त्यांच्या पश्चात पत्नी, मुलगा, सून, एक नात असा आप्तपरिवार आहे.’ आमच्याकडे निधनवार्तेचा तयार नमुना असतो. पती किंवा पत्नी, मुले, सुना-जावई, नातवंडे असे रकाने भरायचे. बहिणीचा रकाना नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात उभा राहून मोबाइलवर तो भरला. बाबांचे वय मी तुलाच विचारले होते. अठ्ठ्याहत्तर, असे तूच सांगितलेस. अकरा दिवस त्यांच्या उशाशी तू बसलीस, डब्याची पिशवी हातात घेऊन माझ्या शेजारी उभी होतीस, आणि मी बातमीत तुला लिहिले नाही.

आई म्हणाली, पोरगा जगाच्या बातम्या देऊन राहिला अन् घरची मोजदाद येत नाही त्याले.

त्याच दिवशी मी बातमी दुरुस्त केली. आता ‘पत्नी, बहीण, मुलगा’ असे दिसते. दोन मिनिटांचे काम होते. मला माफ कर आणि ३ तारखेला ये.

तुझा अपराधी,
श्याम


अकोला,
१ डिसेंबर २०२५

चि. श्यामला,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र दोन वेळा वाचले. माफीचे काही नाही. तू त्या दिवशी बाप गेलेला मुलगा होतास.

मला वाईट वाटले, हे खरे. तेरवीला शेजारच्या एका बाईने मोबाइल पुढे धरून विचारले, तुम्ही यांच्या कोण. मी सांगितले, बहीण. तिने पुन्हा बातमी पाहिली आणि माझ्याकडे पाहिले. एवढेच झाले. मला नवरा नाही, मूल नाही. मी गेले तर पश्चात कोण लिहायचे याची काळजी मी कधी केली नाही. पण दादाच्या पश्चात मी होते.

अलीझा बोलायला नीट आहे. तिने दोनदा विचारले, बाई, नक्की सगळे बरोबर का. मी दोन्ही वेळा हो म्हटले. अडतीस वर्षांत विद्यार्थ्याला जाणून चुकीचे उत्तर दिले नव्हते. ते त्या दिवशी दिले.

पण तू केलेस ते मला पटले नाही. शाळेच्या रजिस्टरमध्ये चूक झाली तर ब्लेडने खरडायची नाही, असा नियम होता. एक रेघ मारायची, वर बरोबर लिहायचे, बाजूला सही आणि तारीख. तू खरडून काढलेस. आता कोणी वाचले तर वाटेल मी पहिल्यापासून तिथे होते आणि उगाच रुसून बसले. त्या मुलीचेही पाहा. तिने बरोबर लिहिले ते आता खोटे दिसत असेल.

थंडी पडली आहे. दादाचा करडा स्वेटर मी इकडे आणला होता, तो वापरते.

सर्वांना माझी आठवण सांगणे.
आत्या


अमरावती,
१२ डिसेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र आले त्याच दुपारी वर्गात तेच घडले होते. अलीझा आपले काम वाचून दाखवत होती. पुढच्या बाकावरून मोईजने मोबाइलवर बातमी काढली आणि सांगितले, बहीण आहे की, चष्मा लाव. वर्ग हसला. अलीझा माझ्याकडे पाहत उभी राहिली. मी तिला बस म्हणालो आणि पुढचे नाव घेतले. घरी आलो तर तुझे पाकीट.

दुसऱ्या तासाला मी जुनी आणि नवी अशा दोन्ही बातम्या फळ्यावर लिहिल्या आणि मधली लबाडी माझी, हे सांगितले. मोईजने न सांगता अलीझाची माफी मागितली. मग तो मला म्हणाला, सर, तुमचा व्हिडिओ काढला असता तर व्हायरल झाला असता.

संपादकांना पटवायला चार दिवस लागले. वर्षापूर्वीच्या निधनवार्तेची दुरुस्ती कोण वाचते, असे त्यांचे म्हणणे. एक जण वाचेल, असे मी सांगितले. आज सकाळी ती बातमीखाली चढली :

‘दुरुस्ती, १२ डिसेंबर २०२५ : या बातमीत केशवराव धर्माळे यांच्या भगिनी, निवृत्त शिक्षिका शकून धर्माळे यांचा उल्लेख राहून गेला होता. तो नंतर न कळवता घालण्यात आला. दोन्ही चुका बातमीदाराच्या आहेत. – श्याम धर्माळे’

नमुन्यात ‘भाऊ-बहीण’ असा रकानाही मी घालून घेतला आहे.

आता आणखी काय लिहू. आई पानांचा हिशेब तुला धरूनच करते आहे.

तुझा,
श्याम


अकोला,
१८ डिसेंबर २०२५

चि. श्यामला,
अनेक आशीर्वाद.

दुरुस्ती वाचली. शेजारच्या मुलीकडून कागदावर काढून घेतली.

शकुनमधला कु ऱ्हस्व आहे. तू दीर्घ लिहिलास. दादाच्या हातून तो एकदाही चुकला नाही. दुरुस्त करशील तर तेही खाली तारीख घालून कर. संपादकांना माझा नमस्कार सांग.

मी २ तारखेला सकाळच्या बसने निघते. स्टँडवर गाडी घेऊन येऊ नकोस, तुझ्या मागे बसायला माझे गुडघे तयार नाहीत. आटो कर. तुझ्या आईला सांग, भाजीत तिखट बेताचे टाकावे, दादाला चालत होते तेवढेच.

मी चार दिवस राहीन. त्यात एकदा अलीझाला घरी बोलाव, वही घेऊन ये म्हणावे. तिच्या वहीत माझे एक वाक्य चुकीचे आहे. त्यावर रेघ मारून मला सही करायची आहे.

भेटीत बाकीचे बोलू.
तुझी आत्या,
शकुन