माल्टा म्हणजे संत्रं नव्हे

३ नोव्हें.
पांढुर्ण्याहून ड्युटी संपवून येताना बसमध्येच मेल आला. माल्टातल्या वृद्धाश्रमाला नर्स हवी आहे, ऑनलाइन मुलाखतीला बोलावलंय. सौंसर येईपर्यंत परत परत वाचला. घरी पोचले तर मोहगावची आत्या ओट्यावर, हातात फोन, फोनमध्ये एक मुलगा. मूळ नागपूरचा, आता मॉरिशसला हॉटेलात मॅनेजर. आई गेल्यापासून माझ्या लग्नाचं खातं आत्याने परस्पर आपल्याकडे घेतलंय.
एकाच दिवशी दोन बेटं. एक मी शोधलं, एक मला शोधत आलं. आज कोणालाच काही बोलले नाही.

४ नोव्हें.
बाबांना बागेत गाठलं. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड सुरू आहे. म्हटलं, बाबा, माल्ट्याचं बोलावणं आलंय, मी जाणार. फांदीवरची नजर न काढता म्हणाले, "माल्टा काऊन? आपल्या जमिनीत तो नाही जमत. संत्राच बरा."
त्यांना वाटलं मी कलमं आणायला निघाले. इकडे माल्टा म्हणजे संत्र्याच्या जातीचं एक फळ, दुसरं काही असतं हे कोणाच्या गावी नाही. समजावणार तेवढ्यात व्यापाऱ्याची गाडी आली. राहिलं ते राहिलंच.

७ नोव्हें.
दादाला मात्र नीट सांगितलं. दादा तहसीलमध्ये बाबू, त्याला तक्ता काढल्याशिवाय जेवण पचत नाही. कॅलेंडरच्या पाठीमागे दोन रकाने आखले, मॉ. आणि मा. मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ पाहिले. हवा, दवाखाने, घरभाडं, वादळं, भाजीपाला. मा. म्हणे आपल्या तहसिलीपेक्षा लहान आणि गर्दी फार. मॉ. हिरवंगार, पण चक्रीवादळं. आत्या बाजूला बसून मॉ.ची वकिली करत होती. तिथं मराठी माणसं आहेत, गणपती बसतो, महाशिवरात्रीला सरकारी सुट्टी. बरोबरच्या खुणा मॉ.कडेच जास्त पडल्या. दादा म्हणाला, पाहा, मी म्हणत नाही, तक्ता म्हणतो.
मी पेन घेतलं आणि खाली एक ओळ वाढवली: तिथे मी कोण? मॉ.च्या रकान्यात लिहिलं, मॅनेजरची बायको. मा.च्या रकान्यात, सिस्टर. दादा म्हणाला, असा मुद्दा तक्त्यात धरत नाहीत. मी म्हटलं, मग तक्ता चुकीचा आहे.

११ नोव्हें.
आज कहर. मुलाचाच फोन. विचारतो, तुम्ही नर्सिंग सोडून माल्ट्याची बाग लावताय म्हणे? बाबा आत्याला म्हणाले होते, पोरगी माल्ट्याच्या मागे लागली. आत्याने ते मोहगावभर केलं, तिथून नागपूरला, नागपूरहून समुद्र ओलांडून मॉरिशसला. मी इतकी हसले की तोही हसला. माणूस वाईट नाही. मग मॉ.चं राहणीमान सांगत बसला, घरासमोर समुद्र, शांतता, सगळ्या सोयी. शेवटी अगदी प्रेमाने म्हणाला, "तुम्हाला तिथे काम करायची गरजच पडणार नाही."
हसू गेलं. म्हटलं, गरज नाही हो, मला काम करायचं आहे. तो म्हणाला, पाहू ना. हे 'पाहू ना' मला चांगलं ओळखीचं आहे.

१३ नोव्हें.
बाबांना मोबाइलवर नकाशा दाखवला. चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. "हा देश होय? हा त पेरूच्या बीएवढा." मग एकच प्रश्न, पाणी कुठून येतं. सांगितलं, नदी नाही, समुद्राचं खारं पाणी गोड करून पितात. आणि मॉरिशसला? पाऊस भरपूर. "मंग मॉरिशस बरं."
इतका राग आला. आत्या झाली, दादा झाला, आता बाबाही. म्हटलं, "बाबा, मी झाड नाही." आवाज चढला, चढू दिला. ते चष्मा खिशात ठेवून बागेकडे गेले.

१७ नोव्हें.
मुलाखत झाली. ऐन वेळी लाइट गेली, मोबाइल घेऊन गच्चीवर पळाले. मागे शेजारच्यांनी वाळत घातलेली मिरची दिसत असणार. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी विचारलं, माल्टाच का? पाठ केलेलं सगळं विसरले. माझ्या इंग्रजीत सांगितलं, इथे सगळे माझ्यासाठी जागा निवडताहेत, ही एकच मी निवडलेली आहे. बाई हसल्या. कळवतो म्हणाल्या. म्हणजे काय, देव जाणे.

२१ नोव्हें.
आत्या आली. रविवारी मुलाची माणसं येणार, पोहे की आलुबोंडे, हे ठरवायला. मी तोंड उघडणार तर बाबा दारातूनच म्हणाले, "बाई, त्यायले येऊ नका म्हणा. माल्टा फळ नाही, देश होय. पोरगी तिथं नोकरीले जाऊन राहिली."
आत्या म्हणाली, अजून त्यांनी हो कुठं म्हटलं?
बाबा म्हणाले, "नाही म्हटलं त पोरगी दुसरीकडं जाईन. पण जाईन."
आत्या चहा न घेता गेली. बाबा हातपाय धुऊन आले, बसले. मग विचारलं, तिथं माल्टा पिकतो का. म्हटलं, ठाऊक नाही.
"पाहून सांगजो."
मला रडू आलं, रडले.
मेल अजून नाही. माळ्यावरून सुटकेस काढली, ओल्या फडक्याने पुसली. रुसली तरी आत्या दोन दिवसांत येणारच. ओट्यावरून दिसेल अशी ठेवली आहे.